खाण बुजवण्याआधी

१९८६ साली आम्ही नवी मुंबईतल्या नेरुळला राहायला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, चार मजली इमारत, समोर भरावाचं मोकळं रान आणि मागे, महामार्गाच्या पलीकडे, डोंगर. दुपारची जेवणं आटोपली की डोंगराकडून शिट्टी ऐकू यायची. आई फळीच्या कडेचे काचेचे ग्लास आत सरकवायची. मग सुरुंगाचा बार उडायचा. आधी फरशी किंचित थरथरायची, आवाज क्षणभराने यायचा. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेलं की त्यांच्यावर पिठासारखी राखाडी धूळ. आई कपडे झटकत म्हणायची, "आजही डोंगर आला घरी."

आता तो डोंगर गप्प आहे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौण खनिजाच्या, म्हणजे दगड, खडी, वाळू यांच्या, लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी सक्तीची केली. त्यानंतरच्या वर्षांत पारसिकच्या डोंगररांगेवरच्या क्वाऱ्या, म्हणजे दगडखाणी, कधी परवानगीअभावी, कधी तक्रारींमुळे बंद पडत गेल्या. तुर्भे, शिरवणे, पावणे, बोनसरी या भागात डोंगराला पडलेली ती मोठमोठी भगदाडं महामार्गावरूनही दिसतात. त्यांचं काय करायचं याच्या चर्चा आमच्याकडे अधूनमधून रंगतात. कोणी म्हणतं तळं करा, बोटिंग ठेवा. कोणी म्हणतं शहराचं डेब्रिज टाकून बुजवा. कोणाला झिपलाइन हवी असते, कोणाला टॉवर. या चर्चांत क्वारीत काम केलेला माणूस मला एकदाही दिसलेला नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: भगदाडाचं काय वाटेल ते करा, पण ती कोणी खणली हे आधी लिहून काढा. लिहून काढणारा आणि सांगणारा, दोघंही जिवंत आहेत तोवर.

हे म्हटलं की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. खाणीचं गाव म्हणजे सोन्याचं, कोळशाचं. खडीचा कसला आलाय इतिहास? कायद्याचीही समजूत तशीच आहे. १९५७च्या खाण कायद्याने इमारतीचा दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू 'गौण खनिज' ठरवली. हा शब्द प्रशासकीय आहे, त्यात अपमान नाही, हे मला कळतं. पण तो शब्द हळूहळू दगडावरून माणसावर उतरला. लोखंडाची खाण असली की तिचा इतिहास लिहिला जातो, कंपनीचं नाव राहतं, कामगार संघटनेचा झेंडा राहतो. गौण खनिजाच्या खाणीत माणसंही गौण.

आणि तरी आकडे बघा. काँक्रीटच्या आकारमानात साठ ते पंच्याहत्तर टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो, सिमेंट त्याला नुसतं धरून ठेवतं. नवी मुंबईचा मोठा भाग मुळात भातखाचरं, मिठागरं आणि खाजण. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून सिडकोने डच धर्तीवर बांध आणि धारण तलाव केले, आणि सखल जमिनीवर मुरूम टाकून ती उचलली. म्हणजे डोंगर खाली आणला आणि खाडीचा काठ वर चढवला. वाशीपासून बेलापूरपर्यंत ज्या फुटपाथवर आपण चालतो त्याच्या खाली काही फुटांवर कुठला ना कुठला डोंगर आडवा पडलेला आहे.

या शहराची जन्मकथा आम्हाला शाळेत पाठ होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६०च्या दशकात मुंबईला खाडीपलीकडे जुळं शहर हवं अशी कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, पंच्याण्णव गावं. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२च्या मे महिन्यात लोकल आली. यातलं काहीच खोटं नाही. फक्त ही सगळी कागदावरच्या शहराची तारीखवार नोंद आहे. कागदावरचं शहर जमिनीवर उतरायला ब्रासच्या ब्रास खडी लागते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आमच्या बिल्डिंगला किती ब्रास लागली असेल याचा हिशेब एकदा वडिलांनी मांडायला घेतला होता, आणि जिन्यापर्यंत येऊन सोडून दिला.

नियोजित शहर हे नवी मुंबईचं एक नाव झालं. दुसरं नाव, जे कोणी घेत नाही, ते खाणीचं शहर. भरभराटीच्या काळात एखाद्या खाणगावात जे जे उगवतं ते सगळं तुर्भ्याच्या आणि शिरवण्याच्या मागे उगवलं होतं. दगड भरडून खडी करणाऱ्या क्रशरच्या रांगा. त्यांच्या पायथ्याशी डंपरच्या टायरवाल्यांची दुकानं. उचल देऊन गावाकडून टोळी आणणारे मुकादम. आठवड्याची खर्ची मिळाली की त्याच संध्याकाळी भरणारा बाजार, त्यात सुकट, बांगड्या आणि उधारीची वही. गुत्ते. सावकार. मरीआईचं आणि यल्लम्माचं छोटं देऊळ, क्वारीतल्याच दगडाचं. खंडेनवमीला क्रशरच्या जबड्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या एका दिवशी सगळा डोंगर शांत. मग मागणी सरली, परवाने अडकले, आणि पसारा आवरला गेला. कॅलिफोर्नियातल्या बोडी गावाची कहाणी काय वेगळी आहे? तिथे सोनं लागलं, १८८०च्या आसपास हजारो माणसं आली, सोनं आटलं, माणसं गेली. १९६२ साली तिथल्या राज्य सरकारने त्याला ऐतिहासिक उद्यान केलं आणि एक शहाणपणाचा नियम घातला: घरं नव्याने रंगवायची नाहीत, सजवायची नाहीत, फक्त पडू द्यायची नाहीत. लोक लांबून जाऊन तिथल्या धुळकट खिडक्यांतून आत डोकावतात. आमच्याकडे आमच्याच डोंगराकडे पाठ करून पाम बीच रोडवर फोटो काढतात.

मात्र इथे थोडं थांबायला हवं, कारण आमची कहाणी बोडीपेक्षा गुंतागुंतीची आहे.

क्वारीच्या गोष्टीत मालक म्हणजे खलनायक आणि मजूर म्हणजे बिचारा, असं लिहून टाकणं सोपं जातं. इथे तसं बसत नाही. या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांची शेती, मिठागरं आणि खाजणं शहरासाठी गेली. मोबदल्याच्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ला जासई आणि दास्तान फाट्याच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा आणि त्यातून आलेला साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय इथल्या पोरापोराला माहीत आहे. जमीन गेलेल्या कुटुंबांपैकी अनेकांनी पुढे क्वारीचा धंदा धरला, पट्टे घेतले, ट्रक घेतले. कारण शेत गेल्यावर हाताशी डोंगरच उरला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील असेच क्वारीमालक झाले. तो सांगायचा, त्यांच्या भाताच्या खाचरावर जी इमारत उभी राहिली तिची खडी त्यांच्याच क्वारीतून गेली. हे तो अभिमानाने सांगायचा की रागाने, मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, त्यालाही कळलं नसावं.

आणि त्या क्वारीत घण मारणारे कोण? मराठवाडा, सोलापूर, गुलबर्गा, विदर्भ इथून आलेली वडार, बंजारा, मातंग, बौद्ध कुटुंबं. अनेकांना १९७२च्या दुष्काळाने हलवलं होतं. गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि हात तयार झाल्यावर तोच हात घेऊन इकडे आले. म्हणजे शहराने ज्यांची जमीन घेतली ते वर आणि पावसाने ज्यांची जमीन सुकवली ते खाली. एकाच भगदाडात दोन विस्थापनं. एवढं सगळं गुंतलेलं असताना त्या जागी 'व्ह्यू पॉइंट' अशी पाटी लावून मोकळं होणं मला कोतेपणाचं वाटतं.

गेल्या दोन वर्षांत मी सुट्टीच्या दिवशी या वस्त्यांमध्ये जाते आहे. संशोधक नाही मी, शाळेत इतिहास शिकवते. मुलांना 'परिसराचा इतिहास' असा प्रकल्प असतो आणि मुलं दरवर्षी बेलापूरचा किल्ला आणतात, म्हणून सुरुवात झाली.

एका मावशींकडे मी पाच-सहा वेळा गेले. वय त्यांनाही नक्की ठाऊक नाही. त्यांच्या पत्र्याच्या घरात दाराशी एक सुतकी, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, टेकवलेली असते. दांडा तीनदा बदललेला, लोखंड तेच. मी ती उचलून बघितली तर त्या म्हणाल्या, "ताई, तशी न्हाई. मूठ ढिली ठेवा. घट्ट धरली की मनगट जातं." मग दाखवलं. डबराचा, म्हणजे फोडायच्या मोठ्या दगडाचा, तुकडा डाव्या हाताने फिरवायचा, त्याची शीर बघायची, म्हणजे दगडातली नैसर्गिक रेघ, आणि त्या रेघेवर मारायचं. जोर लागत नाही. शीर चुकली की दहा घाव वाया आणि चिप उडून डोळ्यात. त्यांच्या डाव्या अंगठ्याला नख नाही, आणि ते कधी गेलं ते त्यांना आठवत नाही, कारण "असंच गेलं, कामात." पाऊण इंची खडी आणि अर्धा इंची खडी यांचे ढीग त्या न मोजता वेगळे करायच्या, चाळणी नंतर आली. क्रशर आल्यावर हातखडी संपली. मग त्या क्रशरला डबर भरायला लागल्या, पाटीवर पाटी, धुरळ्यात पदर तोंडाला बांधून. "मशीन बरं हुतं का?" असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मशीनला ऐकू येत न्हाई. हातखडीला आम्ही बायका बोलत हुतो."

ही एक ओळ माझ्या दृष्टीने कागदपत्र आहे. यांत्रिकीकरणाने काय गेलं हे सांगणारं याहून नेमकं वाक्य मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

आता कागदपत्रांचाच विषय निघाला आहे तर सांगते. क्वारीचा धंदा कागदाशिवाय चालतच नाही. स्फोटकांच्या प्रत्येक कांडीचा हिशेब ठेवावा लागतो: किती आल्या, किती वापरल्या, किती परत. डोंगरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला वाहतुकीचा पास लागतो, त्यावर ब्रास लिहिलेले असतात, कारण सरकारला रॉयल्टी हवी असते. दगड मोजला गेला, बारूद मोजली गेली. फक्त माणसं मोजली गेली नाहीत. मजूर मुकादमाचा, मुकादम ठेकेदाराचा, आणि ठेकेदाराची वही त्याच्या खिशात. हजेरीपटावर पुरुषाचं नाव, बायको आणि पोरं त्याच नावाखाली. चार जणांचं काम, एक नाव.

जे कागद होते त्यांचीही दशा बरी नाही. मी एका सरकारी कार्यालयात जुन्या पट्ट्यांच्या नोंदी बघायला अर्ज घेऊन गेले. समोरच्या बाबूंनी चांगल्या शब्दांत विचारलं, "मॅडम, तुमचं काही क्लेम आहे का?" नाही म्हटलं. "मग कशाला?" इतिहासासाठी म्हटलं तर त्यांनी बाजूच्याकडे बघितलं. तिसऱ्या खेपेला कळलं की जुनी रजिस्टरं गोदामात आहेत, गोदामात पाणी शिरलं होतं, आणि चावी बदली झालेल्या कोणाकडे तरी आहे. मी त्यांना दोष देत नाही. पट्टा संपला, वसुली संपली, कागदाचं काम संपलं. त्या कागदाला दुसरं काही काम असू शकतं असं त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.

म्हणून माझा आग्रह असा की जिल्ह्याच्या खनिकर्म शाखेतले, सिडकोतले आणि वनखात्यातले जुने पट्टे, नकाशे, स्फोटकांच्या वह्या, अपघाताचे पंचनामे जिथे असतील तिथून काढून एकत्र स्कॅन करावेत. खर्च फार नाही. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, खाणबाधितांच्या भल्यासाठी. खाणबाधितांचं भलं म्हणजे रस्ता आणि पाण्याची टाकी हे खरंच, पण आपण इथे होतो याचा पुरावा हेही त्या भल्यात मोडतं. घराच्या हक्कासाठी तर मोडतंच. आज एखाद्या वस्तीतल्या बाईला 'अमुक सालापासून इथे राहते' हे सिद्ध करायला सांगितलं जातं तेव्हा ती पन्नास वर्षं खडी फोडून रिकाम्या हाताने उभी असते.

आता सगळ्यात जड आक्षेपाकडे येते. तो पर्यावरणवाल्यांचा नाही. त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. डोंगर पोखरला, पावसात दरडी घसरतात, क्वारीच्या पाण्यात दरवर्षी पोरं बुडतात. त्या पाण्याला कुंपण हवं, ते आज हवं, इतिहास नंतर. जड आक्षेप मावशींच्या नातवाचा आहे. तो कुरियरच्या कामावर आहे, शिकलेला आहे. एकदा मी रेकॉर्डर काढला तर तो म्हणाला, "ताई, आजीला हे सारखं आठवायला लावू नका. आम्हाला यातून बाहेर पडायचंय. तुम्ही लोक पुन्हा आत ढकलताय. उद्या गावात आमची ओळख काय, दगडफोडे?"

मी त्या दिवशी रेकॉर्डर बंद केला आणि चहा पिऊन आले. त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. आठवण जपणं हे बऱ्याचदा त्यांना सोपं जातं ज्यांना ते आयुष्य जगावं लागलेलं नसतं. मी ज्या फरशीची थरथर सांगून लेखाची सुरुवात केली, ती थरथर माझ्या पायाखाली होती, सुरुंगाखाली नव्हती. मराठीत आपण किती सहज म्हणतो, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. त्या म्हणीत दगड आहे, देव आहे, टाकी आहे. टाकी धरणाऱ्याचं नख त्यात नाही.

पण त्या मुलाला नको आहे ते नेमकं काय, याचा मी बराच विचार केला. त्याला शिक्का नको आहे. आजीला जी शीर दिसायची ती विसरली जावी असं तो म्हणाला नव्हता. पुढच्या वेळी मीच त्याला विचारलं, तू काय ठेवशील? तो म्हणाला, "पगाराची पावती. एक तरी असती तर ठेवली असती." यावरून माझं मत पक्कं झालं की खाणीच्या इतिहासाची जपणूक कष्टाच्या कौतुकाने सुरू करायची नाही. ती मजुरीच्या दरापासून, उचलीच्या हिशेबापासून, अपघातात गेलेल्यांच्या यादीपासून सुरू करायची. कौतुक आपोआप येईल, नाही आलं तरी चालेल.

हे न करता नुसता प्रसार केला तर काय होतं ते जपानच्या हाशिमा बेटावर दिसतं. समुद्रातली कोळशाची खाण, छोट्याशा खडकावर हजारो माणसं, काँक्रीटच्या उंच चाळी. १९७४ला खाण बंद झाली आणि बेट ओस पडलं. २०१५ साली इतर औद्योगिक स्थळांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण युद्धकाळात तिथे जबरदस्तीने राबवलेल्या कोरियन आणि इतर मजुरांचं काय, ते नीट सांगितलं जात नाही म्हणून २०२१मध्ये जागतिक वारसा समितीने जपानबद्दल तीव्र खेद नोंदवला. भिंती जपल्या, बोटी सुरू केल्या, आणि मुख्य गोष्ट गाळली. याउलट वेल्समधली 'बिग पिट' ही कोळशाची खाण. १९८०ला बंद झाली, तीन वर्षांनी संग्रहालय म्हणून उघडली. डोक्यावर दिव्याचं हेल्मेट घालून पाहुण्यांना सुमारे नव्वद मीटर खाली नेतात, आणि नेणारे त्या खाणींमध्येच काम केलेले कामगार. तिकीट काढून माणूस आत जातो तो कोणाचं तरी बोट धरून, आणि त्या बोटाला पगार मिळतो. आपल्याकडे नागपूरजवळ सावनेर आणि गोंडेगावला २०१६पासून वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी आणि एमटीडीसी हे राज्याचं पर्यटन महामंडळ यांनी खाण पर्यटन सुरू केलं, ते धाडस चांगलं आहे. पण ती चालत्या, मोठ्या कंपनीची खाण. तिच्याकडे दाखवायला यंत्र आहे, गणवेश आहे. क्वारीकडे काय आहे?

कर्नाटकातल्या कोलार सुवर्णक्षेत्राचं उदाहरण याच जागी आठवतं. १८८०पासून जॉन टेलर आणि कंपनीने तिथे खोलवर सोनं काढलं, १९०२ साली शिवनसमुद्रहून वीज आली, तेव्हा बंगलोरच्या रस्त्यांवर वीज नव्हती. खाण सुमारे तीन किलोमीटरहून खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ला बंद. नाव साऱ्या देशाला ठाऊक झालं ते अलीकडे, 'केजीएफ' सिनेमामुळे, आणि त्या पडद्यावरच्या कोलारचा खऱ्या कोलारशी संबंध नावापुरता. तमिळ मुलखातून आलेल्या दलित कामगारांच्या वसाहती तिथे अजून आहेत, सायनाइडच्या मातीचे ढिगारे त्यांच्या अंगणापलीकडे. प्रसिद्धीला कोणाची वाट बघायची नसते. इतिहास आपण सांगितला नाही तर कोणीतरी दुसरं काहीतरी सांगून जातं.

क्वारीकडे दाखवायला काय आहे, या प्रश्नाचं उत्तर मला एका माजी ब्लास्टर, म्हणजे सुरुंग लावणाऱ्या, काकांनी दिलं. ते मला शिरवण्याच्या मागे एका बंद क्वारीच्या काठावर घेऊन गेले. पावसाळा नुकताच संपला होता, तळाशी हिरवं पाणी, कडेला घाणेरीची झुडपं. काका म्हणाले, भिंत बघा. मी बघितली: काळा उभा कातळ. "रेघा दिसतात?" मग दिसल्या. कातळावर वरून खाली अर्धगोल पन्हळी, ओळंब्यात, हातभर अंतरावर एकेक. जॅकहॅमरने मारलेल्या बोअरचे, म्हणजे सुरुंगाच्या भोकांचे, ते उरलेले अर्धे नळ. अर्धा भाग बाराबरोबर उडाला, अर्धा भिंतीत राहिला. काका पन्हळीवर बोट ठेवून सांगत होते, हा बोअर सरळ आहे, मारणारा जाणता होता. हा तिरका, नवखा असणार नाहीतर रात्रीची घेतलेली. एका ठिकाणी पन्हळीच्या तळाला दगड तारकेसारखा चिरफाळलेला होता. "इथे माल जास्त भरला." आणि भिंतीच्या मध्यावर लाल मातीचा एक आडवा पट्टा: एक लाव्हा थंड होऊन त्यावर दुसरा येण्यामधल्या काळातला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ती सगळी भिंत म्हणजे उघडं पुस्तक होतं, वाचणारा माझ्या शेजारी उभा होता, आणि त्याला तशी भिंत वाचता येते हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

अशी एक भिंत राखून ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. सगळ्या क्वाऱ्या नकोत. एकच, दोनशे फूट लांबीची, जिच्यावर बोअरच्या खुणा स्वच्छ आहेत. तिच्यावर जाळी मारू नये, रंगीत दिवे सोडू नयेत, धबधबा तर मुळीच करू नये. समोर सुरक्षित अंतरावर कठडा, एक निवाऱ्याची शेड, आणि आठवड्यातून दोन दिवस मानधनावर काकांसारखा माणूस.

कायद्याची अडचण सांगितली जाते. १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा शंभर वर्षं मागतो, क्वारीकडे चाळीस-पन्नास आहेत. पण वाट एकच नसते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलकडे बघा. एकसष्ट मीटर उंचीचा काळ्या बेसॉल्टचा उभा खांब. भोवतीचा डोंगर खणून खणून नेला आणि हा तेवढा उरला. १९५२ साली केंद्राने त्याला संरक्षण दिलं, २००७ साली महापालिकेने वारसा यादीत घेतलं. म्हणजे खाणकामानेच घडवलेली जागा वारसा म्हणून मान्य झाल्याचं उदाहरण खाडीपलीकडेच आहे. तिथेही गोष्ट लाव्हाची सांगतात, खणणाऱ्यांची सांगत नाहीत, ती चूक आपल्याला टाळता येईल.

पैसे नाहीत हेही ऐकायला मिळतं. नेरुळच्या वंडर्स पार्कात जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, मी दर वर्षी मुलांची सहल तिथे नेते. तिथे पेट्राही आहे. कातळ कोरून केलेलं खरं पेट्रा जॉर्डनमध्ये, त्याची सिमेंटची प्रतिकृती नेरुळमध्ये, आणि माणसांनी हाताने कापलेला खरा कातळ पार्काच्या गेटपासून दोन-तीन किलोमीटरवर, ज्याला बघायला कोणी जात नाही. मला ती प्रतिकृती आवडत नाही असं नाही, मुलांना आवडते. पण एखाद्या मुलाने सुतकी हातात घेऊन शीर शोधली तर त्याला पेट्राही जास्त कळेल.

एक अट मात्र मी यात घालते, आणि ती सोडून बाकी सगळ्यावर तडजोड चालेल. कोणाची झोपडी उठवून तिथे तिच्याच इतिहासाचं उद्यान होता कामा नये. आधी घराचा प्रश्न, मग भिंतीला कठडा. ज्या दिवशी संग्रहालयाच्या नावाने वस्तीवर नोटिसा लागतील त्या दिवशी मीच हा लेख मागे घेईन.

घाई कशासाठी, असं एक सहकारी परवा म्हणाले, डोंगर कुठे पळून जातोय. डोंगर पळून जातात. विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, दहा गावं हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं उद्घाटन झालं, आता तिथून विमानं उडतात. ती टेकडी कशी उतरवली, किती बार लागले, कोणी लावले, हे आज सांगणारे हजारो लोक आहेत. वीस वर्षांनी किती असतील? मुंब्र्याच्या आणि कळव्याच्या खाडीकाठाला अजून रेतीबंदर म्हणतात. डुबी मारून बादलीने तळाची रेती काढणारे लोक, त्यांच्या होड्या, त्यांचे कानाचे दुखणे, सगळं त्या एका नावात गोळा होऊन बसलंय. नाव बदललं की तेही जाईल.

गेल्या महिन्यात काकांकडे गेले तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, एकूण क्वाऱ्या किती होत्या इथे, नावं होती का? ते म्हणाले, नंबर होते, पण नंबर कोण लक्षात ठेवतो. उठले, भिंतीवरचं बँकेचं कॅलेंडर काढलं, पान फाडून कोरी बाजू वर केली आणि नातीचं पेन घेऊन रस्त्याची रेघ मारली. रेघेच्या वरच्या बाजूला एकेक गोल. मोठ्या वडाची. पाण्याची. सरदारजीची. क्रशर जळाला ती. बायांची, "तिथं सगळ्या बायाच होत्या, मुकादम पण बाई." मग एका गोलावर पेन थोडा वेळ थांबला. "ही, दोघं भाऊ गेले ती." नावं त्यांना आठवत होती, दोघांची, बापाचंही, गावाचंही. गोलाच्या खाली लहान अक्षरात त्यांनी ती लिहिली. मार्चचं पान भरलं तेव्हा ते पावण्यापर्यंतच आले होते. त्यांनी एप्रिलचं फाडलं.